सेवाग्रामच्या मातीतली तालीम : डॉ. झाकीर हुसेन यांनी बागेला शाळेत कसं आणलं

दरवर्षी ३ मे हा दिवस येतो आणि फारसा गाजावाजा न होता निघून जातो. १९६९ मध्ये याच दिवशी देशाचे तिसरे राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचं राष्ट्रपती भवनात निधन झालं. पदावर असताना निधन झालेले ते पहिले राष्ट्रपती. आपल्या मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ते एका ओळीत भेटतात : भारताचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती. ओळ खरी आहे, पण त्या ओळीत माणूस मात्र सापडत नाही.

राष्ट्रपतिपद त्यांना आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत मिळालं. त्याआधीची जवळपास सगळी हयात त्यांनी शिक्षक म्हणून काढली. आणि या शिक्षकाला फुलांचा, झाडांचा, दगडगोट्यांचा वेडा म्हणावा असा शौक होता. गुलाबाची कलमं, तऱ्हेतऱ्हेचे निवडुंग, जमिनीतून निघालेले जीवाश्म, रंगीत खडे हे सगळं ते हौसेनं जमवायचे. बरेच लोक असा शौक रविवारसाठी ठेवतात. झाकीर साहेबांनी मूल मातीतून, झाडातून, हातातल्या कामातून शिकतं ही गोष्ट देशाच्या अभ्यासक्रमात लिहून घेतली. आणि ते काम ज्या गावाच्या नावानं ओळखलं जातं, ते आपल्या विदर्भातलं सेवाग्राम.

आज हे सांगायचं कारण घरगुती आहे. आपल्या अनेक घरांत एखादं मूल असतं, जे काडेपेटीत सुरवंट घालून आणतं, खिशात दगड भरतं, पुस्तकापेक्षा गच्चीवरच्या कुंडीत जास्त रमतं. अम्मी-अब्बांना काळजी वाटते की यातून पुढे काय होणार? डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, मग काय माळी होणार? झाकीर साहेबांचं आयुष्य अशा घरांसाठी वाचण्यासारखं आहे.

कायमगंजचा अनाथ मुलगा

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादला झाला. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचं, आफ्रिदी पठाणांचं. वडील फिदा हुसेन खाँ हैदराबादला वकिली करायचे. १९०७ मध्ये वडील गेले, तेव्हा झाकीर दहा वर्षांचे होते. कुटुंब कायमगंजला परतलं. १९११ मध्ये प्लेगची साथ आली आणि त्यात आई नाझनीन बेगमही गेल्या. चौदाव्या वर्षी डोक्यावरचं दोन्हीकडचं छत्र हरपलं.

शिक्षण इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये चालू होतं. तिथले हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन यांचा या मुलावर मोठा प्रभाव पडला. पुढे अलीगढचं एमएओ कॉलेज. डॉक्टर व्हायचं मनात होतं, त्यासाठी लखनौला विज्ञानाचा अभ्यासही सुरू केला होता. पण आजारपण आडवं आलं आणि तो रस्ता सुटला. मग अलीगढला परतून अर्थशास्त्र घेतलं. आज एखाद्या मुलाचा नीटचा निकाल मनासारखा लागला नाही की घरात दुखवटा पाळला जातो. त्या घरांनी एवढं लक्षात ठेवावं की झाकीर साहेबांचंही डॉक्टर व्हायचं राहूनच गेलं होतं.

१२ ऑक्टोबर १९२० रोजी गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्था सोडा, असं आवाहन त्यांनी केलं. झाकीर हुसेन तेव्हा तिथे शिकत होते आणि शिकवतही होते. आवाहनाला साथ देणाऱ्या तरुणांत ते पुढे होते. नुसता बहिष्कार टाकून भागणार नाही, सोडलेल्या मुलांसाठी नवी शाळा लागेल, हेही त्यांना कळत होतं. २९ ऑक्टोबर १९२० रोजी शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची पायाभरणी झाली. २३ वर्षांच्या झाकीर यांनी आपलं नशीब त्या संस्थेला बांधून टाकलं.

बर्लिन : पाखरांच्या पेटीचा धडा

१९२२ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शेतीव्यवस्थेवर संशोधन केलं आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट घेतली. म्हणजे त्यांची पदवी अर्थशास्त्राची, पण विषय माती आणि शेतकरी. याच काळात त्यांनी बर्लिनच्या एका छापखान्यात गालिबचा दीवान छापून घेतला, त्यासाठी स्वतः खिळे जुळवले. हातानं काम करण्याची लाज त्यांना कधीच नव्हती.

जर्मनीत त्यांच्यावर सर्वांत जास्त परिणाम केला तो गेओर्ग केर्शेनश्टायनर या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारानं. हे गृहस्थ म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख होते. त्यांनी शाळांमध्ये कार्यशाळा, स्वयंपाकघर, प्रयोगशाळा आणि बागा आणल्या. त्यांच्या पुस्तकातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मुलांना साळुंकीच्या जातीच्या एका पाखरासाठी लाकडी घरटं करायला सांगायचं. मुलानं आधी पाखराला किती जागा लागेल, भोक केवढं हवं, पाऊस आत येऊ नये म्हणून छप्पर कसं हवं याचा विचार करायचा. मग आराखडा काढायचा. मग फळ्या कापायच्या. आणि शेवटी आपलं काम जमलं की चुकलं हे स्वतःच तपासायचं.

झाकीर साहेबांनी हे चार टप्पे आयुष्यभर सांगितले. कामाचा विचार, कामाची आखणी, प्रत्यक्ष काम आणि कामाची पारख. या चारांतलं एक जरी गळालं तरी ते काम शिक्षण उरत नाही, नुसती मेहनत उरते. दिवसभर माती उपसणारा मजूर मातीचा अभ्यासक होत नाही, कारण त्याला विचार करायची आणि पारख करायची संधीच कोणी दिलेली नसते. हा फरक पुढे वर्ध्यात फार महत्त्वाचा ठरला.

जामिया : उजाड जागा आणि मुलांची बाग

१९२६ मध्ये ते परतले, सोबत आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब हे दोन मित्र. जामिया तोवर अलीगढहून दिल्लीच्या करोल बागेत आली होती आणि बंद पडायच्या बेतात होती. १९२७ च्या डिसेंबरमध्ये हकीम अजमल खाँ वारले आणि पैशाचा मोठा आधार गेला. तेव्हा झाकीर साहेबांसह शिक्षकांनी शपथ घेतली की २० वर्षं जामिया सोडायची नाही आणि महिन्याला १५० रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही. प्रत्यक्षात हाती पडणारी रक्कम पुष्कळदा त्याहून बरीच कमी असायची. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या माणसाला तेव्हा मोठी नोकरी सहज मिळाली असती. घरात बेगम शाहजहाँ आणि मुली होत्या. त्या बिचारीनं हा संसार कसा ओढला असेल, हे आपल्या घरच्या बायकांना जास्त कळेल.

१ मार्च १९३५ रोजी यमुनेकाठी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. कोनशिला बसवायचा मान कुणा नवाबाला दिला नाही, शाळेतल्या सगळ्यांत लहान विद्यार्थ्याला दिला. तेव्हा ओखला म्हणजे शहराबाहेरची उजाड जागा. तिथे झाडं लागली, वाफे झाले. जामियाच्या प्राथमिक शाळेत मुलांची स्वतःची बँक होती, स्वतःचं दुकान होतं. हिशेब पाटीवर शिकण्याआधी तो व्यवहारात यायचा.

बर्लिनच्या ओळखीतून गेर्डा फिलिप्सबोर्न नावाच्या एक जर्मन यहुदी बाई १९३० च्या दशकात जामियात आल्या आणि लहान मुलांचं सगळं पाहू लागल्या. मुलं त्यांना आपाजान म्हणायची. १९४३ मध्ये त्या दिल्लीतच वारल्या आणि जामियाच्या कब्रस्तानात दफन झाल्या. किंडरगार्टन या जर्मन शब्दाचा अर्थच मुलांची बाग. आपण आज तो शब्द पाटीवर लिहितो आणि आत मुलांना तीन तास बाकावर बसवतो, ही गोष्ट वेगळी.

झाकीर साहेबांची एक आठवण जामियात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. मुलं बूट पॉलिश न करता येत होती. सूचना देऊन उपयोग होईना. एके दिवशी कुलगुरू स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले. मुलं वरमली आणि बूट चमकू लागले.

वर्धा, ऑक्टोबर १९३७

आता सेवाग्रामकडे येऊ. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवरच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. शेगाव नावाच्या रेल्वेच्या गावाशी टपालाचा गोंधळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची सरकारं आली आणि प्रश्न उभा राहिला की खेड्यातल्या प्रत्येक मुलाला शिकवायचं कसं आणि त्याला पैसा आणायचा कुठून. गांधीजींनी उपाय मांडला. मूल एखादा हातव्यवसाय शिकेल, सगळे विषय त्या व्यवसायातून शिकेल आणि तयार मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागेल.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात देशभरातले शिक्षणतज्ज्ञ आणि प्रांतांचे शिक्षणमंत्री जमले. अध्यक्षस्थानी खुद्द गांधीजी. अशा सभेत बहुतेक लोक होला हो करतात. जामियाचे डॉ. झाकीर हुसेन उभे राहिले आणि त्यांनी अदबीनं, पण स्पष्ट सांगितलं की कामातून शिक्षण ही कल्पना जगाला नवीन नाही, शिक्षणाचा विचार करणारे ती ओळखतात. आणि खर्च भागवण्यावर जास्त जोर दिला तर मोठा धोका आहे. शिक्षकाला माल विकायची घाई होईल, तो मुकादम बनेल आणि गरिबांची मुलं राबवली जातील.

ही हरकत साधी नव्हती. त्या मुलांत जास्त कोण असणार होते? दलित, आदिवासी, विणकर मोमीन आणि कोष्टी, कसणारे कुणबी यांची मुलं. ज्यांच्या आईबापांनी पिढ्यान्पिढ्या हातानंच काम केलं, त्यांच्या मुलांना शाळेतही फक्त हातच चालवायला लावणार का, असा तो सवाल होता. गांधीजींचा मोठेपणा असा की ज्यानं हरकत घेतली त्याच्याच हाती त्यांनी कामाची सूत्रं दिली. योजना तयार करायला समिती नेमली गेली आणि अध्यक्ष झाले झाकीर हुसेन. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, ख्वाजा गुलामुस सैयदैन आणि खेड्यांच्या अर्थकारणाचे जाणकार जे. सी. कुमारप्पा होते. शांतिनिकेतनातून वर्ध्याला आलेले आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्यही होतं. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल तयार होता.

अभ्यासक्रमात माती आली

झाकीर हुसेन समितीचा हा अहवाल आज वाचला तर त्यात पर्यावरण शिक्षण हे शब्द मिळणार नाहीत. तेव्हा ते चलनातच नव्हते. पण गाभा तोच आहे. ७ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत, सक्तीचं आणि मातृभाषेतून शिक्षण द्यायचं. शिकण्याचे तीन आधार ठरवले : हातातला व्यवसाय, भोवतीचा निसर्ग आणि भोवतीचा समाज. जे शिकवायचं ते या तिन्हींपैकी कशाला तरी जोडूनच शिकवायचं. व्यवसायांत सूतकताई आणि विणकाम होतं, सुतारकाम होतं, शेती होती, फळभाज्यांची बाग होती, चामड्याचं काम होतं. आणि त्या त्या गावच्या हवापाण्याला जे जमेल तेही चालणार होतं.

सामान्य विज्ञानात पहिला भाग निसर्गनिरीक्षणाचा. मग वनस्पती, प्राणी, शरीर, आरोग्य, थोडं रसायन, आकाशातले तारे आणि शास्त्रज्ञांच्या, प्रवाशांच्या गोष्टी. वेळापत्रकही आखलं होतं. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं हातव्यवसायाला, ४० मिनिटं मातृभाषेला, ४० मिनिटं संगीत, चित्रकला आणि गणिताला, ३० मिनिटं समाज आणि विज्ञानाला. हातव्यवसायाचा वाटा फार मोठा, अशी टीका पुढे झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

वर्ध्यासारख्या काळ्या कसदार जमिनीच्या मुलखात याचा अर्थ काय होत असेल ते पाहू. मुलाच्या हातात कापसाचं बोंड येतं. सरकी वेगळी करायची, रुई पिंजायची, पेळू करायचे, टकळीवर सूत काढायचं. सूत किती हात निघालं हे मोजताना गणित येतं. बोंड का किडलं हे पाहताना अळी येते, अळीमागे पाखरू येतं. यंदा पीक कमी का, हे विचारलं की पाऊस आणि जमीन येते. हा कापूस पूर्वी कुठे जायचा आणि कापड कुठून यायचं, हे विचारलं की इंग्रजी राजवटीचा इतिहास येतो. एका बोंडात चार विषय. त्यासाठी शिक्षकाला मात्र कापूस, मुलं आणि पुस्तक तिन्ही कळायला हवं.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसनं योजना स्वीकारली. मग हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. अध्यक्ष झाकीर हुसेन, मंत्री आर्यनायकम, मुख्य ठिकाण सेवाग्राम. झाकीर साहेब राहायचे दिल्लीत, जामियाचा गाडा ओढत. पण पुढची अनेक वर्षं संघाच्या कामाला त्यांची दिशा होती. सेवाग्रामच्या शाळेत परिसराची सफाई हाही धडा होता. कचरा आणि मैला खड्ड्यात पुरून त्याचं खत कसं होतं, ते खत वाफ्यात कसं जातं आणि वाफ्यातली भाजी ताटात कशी येते, हे मुलं स्वतः करून शिकायची. आज ज्याला आपण कचरा व्यवस्थापन म्हणतो, त्याचे धडे सेवाग्रामात तेव्हा गिरवले जात होते.

दोन्हीकडून मार

हे काम झाकीर साहेबांना फुकट पडलं नाही. मुस्लिम लीगनं वर्धा योजनेवर जोरदार टीका केली. योजनेत धार्मिक शिक्षण नाही, ही मोठी तक्रार होती. त्यातच मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारनं आपल्या शाळा योजनेला विद्या मंदिर हे नाव दिलं आणि मुसलमानांत नाराजी वाढली. मंदिर या नावाच्या शाळेत आमची मुलं का पाठवायची, असं नागपूर-वऱ्हाडकडचे लोक विचारत होते. विद्या मंदिर योजना आणि झाकीर हुसेन समितीचा अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, पण लोकांच्या मनात त्या एक झाल्या आणि राग एकाच माणसावर निघाला. आपल्याच समाजात त्यांना काँग्रेसचा माणूस म्हणून हिणवलं गेलं.

लोकांची भीती पोकळ होती असं आम्ही म्हणणार नाही. आपल्या मुलांची भाषा आणि दीन शाळेत हरवू नये, ही काळजी कुठल्याही आईबापाची असते, आजही आहे. झाकीर साहेबांना ती कळत नव्हती असंही नाही. त्यांची स्वतःची संस्था जामिया होती, जिथे इस्लामी संस्कार आणि नवं शिक्षण एकत्र नांदत होतं. पण गरीब मुसलमानाच्या मुलाला शाळाच मिळाली नाही तर भाषाही राहणार नाही आणि रोजीही, हे त्यांना दिसत होतं. शिव्या खाऊन ते काम करत राहिले. १९४६ मध्ये जामियाच्या रौप्यमहोत्सवाला त्यांनी एकाच व्यासपीठावर नेहरू आणि जिना दोघांना आणलं.

ऑगस्ट १९४७ मध्ये काश्मीरला जाताना जालंधर स्टेशनवर जमावानं त्यांना घेरलं. जीव जायचाच बाकी होता. एका शीख लष्करी अधिकाऱ्यानं आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्यानं त्यांना वाचवलं. दिल्लीला परतल्यावर ते पुन्हा कामाला लागले.

अब्बू खाँची बकरी

उर्दू शाळेत शिकलेल्या आपल्या वाचकांना एक गोष्ट नक्की आठवत असेल : अब्बू खाँ की बकरी. डोंगरातल्या म्हाताऱ्या अब्बू खाँची चांदनी नावाची बकरी दाव्याला कंटाळते, डोंगरात पळून जाते, दिवसभर मोकळं चरते आणि रात्री लांडग्याशी पहाटेपर्यंत झुंजते. ती मरते, तरीही झाडावरचं एक म्हातारं पाखरू म्हणतं की जिंकली चांदनीच. एका फ्रेंच कथेवर बेतलेली ही गोष्ट झाकीर साहेबांनी लिहिली, आणि तीही आपलं नाव न देता, रुकैया रेहाना या नावानं.

रेहाना ही त्यांची लहानगी मुलगी, अगदी कोवळ्या वयात वारलेली. ती वारल्याची खबर आली तेव्हा ते शाळेतल्या मुलांना मिठाई वाटत होते, असं सांगितलं जातं. मुलांचा आनंद मोडू नये म्हणून त्यांनी मिठाई वाटणं थांबवलं नाही.

डोंगर, झाडं, पाखरं, बकरी हे सगळं त्या गोष्टीत सजावट म्हणून येत नाही. मुलाला मोकळी हवा का हवी, हे त्यात न सांगता समजतं.

जिथे गेले तिथे बाग

१९४८ च्या अखेरीस ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. फाळणीनं विद्यापीठ खिळखिळं झालं होतं. अनेक प्राध्यापक पाकिस्तानात गेले होते आणि उरलेल्यांकडे संशयानं पाहिलं जात होतं. थोड्याच काळात झाकीर साहेबांना हृदयविकाराचा झटकाही आला. तरी १९५६ पर्यंत त्यांनी विद्यापीठ सांभाळलं. आणि त्याच काळात तिथला परिसर झाडाफुलांनी भरून टाकला. मोडलेल्या मनाच्या माणसांना रोज सकाळी काहीतरी उगवताना दिसावं, एवढं कारणही त्याला पुरेसं आहे.

१९५७ ते १९६२ ते बिहारचे राज्यपाल होते, १९६२ पासून उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. पाटण्याच्या राजभवनात गुलाब फुलले, दिल्लीच्या राष्ट्रपती भवनातही फुलले. चंदिगढमध्ये १९६७ साली ३० एकरांवर झालेल्या गुलाबबागेला त्यांचं नाव दिलं गेलं. इंतकालानंतर त्यांना जामियाच्या आवारातच दफन करण्यात आलं. राष्ट्रपतींची कबर शाळेच्या आवारात असावी, हे त्यांच्या आयुष्याला शोभणारंच होतं.

योजना का फसली, आणि काय उरलं

एक कडू गोष्टही सांगायला हवी. स्वातंत्र्यानंतर बुनियादी तालीम देशभर कागदावर पसरली आणि शाळांत मरत गेली. टकळ्या आल्या, पण शिक्षक तयार झाले नाहीत. कुठे मुलं अर्थ न कळता सूत काढत बसली, कुठे टकळ्या कपाटात पडल्या. नोकरशहांची मुलं इंग्रजी शाळेत गेली आणि बुनियादी शाळा गरिबांची शाळा ठरली. हे पाहून झाकीर साहेबांनी स्वतःच, आपल्याच योजनेबद्दल, स्पष्ट बोलून दाखवलं की त्या नावाखाली जे चाललंय ती फसवणूक आहे. आपल्या कामाबद्दल असं जाहीर बोलायला मोठं मन लागतं.

आजच्या पर्यावरण शिक्षणाकडे पाहिलं की त्यांचा इशारा आठवतो. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिकवणं सक्तीचं करायला सांगितलं. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास आहे, पुढे प्रकल्पवही आहे. पण किती घरांत तो प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून तयार येतो? विचार नाही, आखणी नाही, काम नाही, पारख नाही. चारही टप्पे गळाले, उरले फक्त गुण.

पण सगळं संपलेलंही नाही. सेवाग्रामला नई तालीमच्या परिसरात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू आहे. तिथली मुलं मराठीतून शिकतात, शेतात आणि बागेत काम करतात, आणि त्या कामातून विषय उकलतात. बापूकुटी बघायला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी थोडा वेळ काढून हा परिसरही बघावा, मुलांना तर नक्की दाखवावा.

आपल्या घरातलं ते मूल

शेवटी पुन्हा त्या खिशात दगड भरणाऱ्या मुलाकडे. निसर्गाच्या आवडीतून रोजी मिळते का? मिळते, आणि इज्जतीनं मिळते. मुंबईचे सालिम अली यांचंच पाहा. पक्ष्यांच्या वेडापायी १९२६ साली त्यांनी वस्तुसंग्रहालयात लोकांना आणि मुलांना निसर्गाची ओळख करून देणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी घेतली आणि पुढे जगभर नाव कमावलं. आज तर वाटा जास्त आहेत. बारावीनंतर डी.एल.एड. किंवा विज्ञानाची पदवी आणि बी.एड. करून शाळेत जाता येतं. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करता येतं. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाला वाहिलेली संस्था आहे. १९८४ मध्ये अहमदाबादला सुरू झालेलं पर्यावरण शिक्षण केंद्र आहे. मुंबईत १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आहे आणि गोरेगावला तिचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. उर्दू माध्यमाच्या शाळांना आणि मदरशांना तर असे शिक्षक फारच हवे आहेत. आपल्या वस्तीतली नाली, तळं, कब्रस्तानातली जुनी झाडं हे सगळं मुलांना त्यांच्या भाषेत वाचायला शिकवणारे.

पगार सुरुवातीला थोडा असेल. झाकीर साहेबांचाही होता. मूल शिकवायच्या कामात उतरलं तर त्याला या कामाची दुसरी बाजूही सांगा. मुलांकडून झाडं लावून घेऊन फोटो काढणं म्हणजे शिक्षण नाही. मुलानं खड्डा का खणला, तिथेच का खणला आणि रोप जगलं की मेलं याचा हिशेब त्यानं स्वतः द्यायला हवा. झाड लावणं ही आपल्याकडे सदका-ए-जारिया मानतात. मग एखाद्या मुलाला झाड ओळखायला, जगवायला आणि त्यावर विचार करायला शिकवणं त्याहून कमी कसं असेल?

येत्या पावसाळ्यात शाळेची प्रकल्पवही आणायला दुकानात जायच्या आधी मुलाला एक कुंडी, मूठभर माती आणि चार बिया द्या. कुठलं बी, कुठे ठेवायचं, पाणी किती, हे त्यालाच ठरवू द्या. उगवलं नाही तर रागावू नका. का उगवलं नाही, एवढंच विचारा.